स्वस्त असावं, टोचू नये

"हे चांगल्यात ठेव," असं म्हणून आईने हातातलं युकुलेले माझ्याकडे दिलं, आणि ते घेताना माझ्या अंगठ्याला काहीतरी चरचरलं. बघते तर रक्ताचा बारीक थेंब.

वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. टेबलावर खोक्यांतून काढलेली युकुलेले, गिटारची चार तारांची धाकटी भावंडंच. आईच्या डाव्या बाजूला चांगल्यांची रास, उजव्या बाजूला दुरुस्तीची. वाद्याच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना ती पडदे म्हणायची. स्वस्त वाद्यातलं लाकूड आकसतं आणि या पडद्यांची टोकं कडेने बाहेर येतात, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतकी. ती शोधायला आई मानेच्या कडेवरून अंगठा फिरवायची, वरून खाली, सावकाश, झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. हे टोचरं युकुलेले तिने माझ्या डोळ्यांदेखत तसंच तपासलं होतं.

मी अंगठा तिच्यापुढे धरला. तिने त्या थेंबाकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. तो कडेवरून पुन्हा फिरवला. मग जोर देऊन फिरवला. कातडीवर पांढरा ओरखडा उठला, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दार लोटून घे आधी," ती म्हणाली.

नळीतून जाणाऱ्या औषधाने तिचे केस गेले ते सगळ्यांनी पाहिलं. बोटांची जाणीव गेली ते तिने कुणाला कळू दिलं नाही. घरी हातातून पेला निसटला की म्हणायची, आपल्या भांड्यांना हल्ली पाय फुटलेत. हाताला मुंग्या येतात का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी शेजारीच होते. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि विषय भुकेवर नेला.

या दुकानात ती लग्नाआधी बिलं करायला लागली होती. वाद्यं निवडायचं काम तिच्याकडे कसं आलं ते तिलाही नीट आठवत नसे. थोरले मालक गेले, धाकटे आले, धाकट्यांना टक्कल पडलं तरी ते धाकटेच राहिले, आणि ते तिला लहानपणापासून काकू म्हणत आले. दरवर्षी शाळा सुरू होण्याआधी संगीताच्या वर्गासाठी युकुलेले जात, ती काकूंच्या हाताखालून. यंदा मालकांनी तिला आराम करायला सांगितलं होतं. खोकी आली तशीच शाळेत पाठवू, फार तर चार-दोन परत येतील, असं त्यांचं म्हणणं. आईला ते पटण्यासारखं नव्हतं. महागातलं कुणीही डोळे मिटून निवडेल, म्हणायची, स्वस्तातलं निवडायला माणूस लागतो. लाकूड साधं असू दे, रंग कसाही असू दे, आवाज थोडा पत्र्यासारखा असला तरी चालेल. खुंटीने सूर धरून ठेवला पाहिजे, तारा दाबायला जड नकोत, आणि वाद्य टोचता कामा नये. कारण नवशिक्याला वाद्य वाईट आहे हे कळतच नाही. सूर उतरला की त्याला वाटतं आपला कान खराब, बोट दुखलं की वाटतं आपणच बावळट. मोठी माणसं दुकानात येऊन भांडतात. पोरं वाद्य गुपचूप कपाटावर ठेवून देतात.

त्या दिवशी दार लोटल्यावर ती एवढंच म्हणाली, "शाळेची तेवढी होऊ देत. मग मी आपणहून थांबते. तोवर धाकट्या मालकांच्या कानावर घालू नकोस."

मी हो म्हटलं. चांगल्यांची सगळी रास आम्ही पुन्हा टेबलावर घेतली. मी अंगठा फिरवायचा, लागलं की "इथं" म्हणायचं, तिने तिथे कानस चालवायची. कानस तिला अजून साधत होती. तिचा दाब मनगटातून यायचा.

"एवढं शिकलीस," ती मध्येच म्हणाली, "शेवटी अंगठाबहाद्दरच झालीस."

मी हसले. तीही हसली, पण कानस थांबवून दाराकडे पाहत राहिली. इथली वाद्यं पुन्हा तपासता येत होती. गेल्या काही आठवड्यांत दुकानातून सुटी विकली गेलेली कुठल्या कुठल्या घरांत पोचली होती.

त्यातलं एक दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलं. आम्ही आतच होतो. बाहेरून एका गृहस्थांचा आवाज आला. मुलीसाठी युकुलेले नेलं होतं, तिला काही जमत नाही, परत घेता का, असं ते विचारत होते. हिचं सगळं असंच, चित्रकलाही सोडली, पोहणंही सोडलं, नुसती आरंभशूर. मालक त्यांना गोडीत घेत होते. लहान मुलांच्या हाताला सवय नसते, होतं असं, वगैरे.

आई उठून बाहेर गेली, मी तिच्या मागे. आईने त्या मुलीला ओळखलं. हिला फुलांच्या चित्रांचं हवं होतं आणि आईनेच समजावून साधं तपकिरी घ्यायला लावलं होतं. मुलगी जमिनीकडे पाहत उभी होती. तिच्या बोटाला चिकटपट्टी होती.

"काय झालं गं बोटाला?"

"मी नीट धरत नव्हते," मुलगी म्हणाली.

आईने युकुलेले उचललं. सवयीने अंगठा कडेवर गेला आणि तिथेच थांबला. मग तिने ती मान उचलून गालाला लावली आणि हळूच वरून खाली आणली. अर्ध्यावर तिची पापणी लवली.

ती माझ्याकडे पाहील असं मला वाटलं. तिने पाहिलं नाही.

"तू नीटच धरत होतीस," ती मुलीला म्हणाली. "हे तपासून मी दिलं होतं. माझ्या बोटांना आता काही कळत नाही. हे टोचतंय ते मला समजलंच नाही."

मालक पुढे आले. "काकू, कारखान्याचा माल आहे तो. तुम्ही कशाला स्वतःवर..."

"कारखान्याचा माल तपासायलाच तर मी आहे," आई म्हणाली, आणि त्यातल्या शेवटच्या शब्दाशी अडखळल्यासारखी गप्प झाली.

ते गृहस्थ उगाचच खिशातला रुमाल काढून घडी बदलत राहिले. आईने कानस मागितली. मी आणून दिली. काउंटरवरच तिने मान आडवी धरली आणि मुलीला जवळ घेतलं.

"तुझा अंगठा दे. लागलं की सांग."

"इथं."

"आता?"

"थोडंसं."

"आता?"

मुलीने अंगठा दोनदा फिरवला. "आता नाही."

जाताना युकुलेले मुलीच्याच हातात होतं. दाराबाहेर तिने चारही तारा एकदम छेडल्या. सूर बराच उतरलेला होता.

ती दोघं गेल्यावर मालक मागच्या खोलीत आले. शाळेच्या राशीतलं एक युकुलेले त्यांनी उचललं, आईसारखा अंगठा फिरवून पाहिला, परत ठेवलं. आईने त्यांना परत द्यायला जुडग्यातून मागच्या खोलीची किल्ली काढायला घेतली. कडी बोटांना उघडेना. मालकांनी नजर दुसरीकडे वळवली. मग मीच ती काढून दिली.

उरलेली वाद्यं मालकांनी आणि मी पुरी केली. आई खुर्चीत बसून असे. आमचं झालेलं प्रत्येक वाद्य गालावरून फिरवी आणि मग स्वतः चांगल्यात ठेवी. राशीतलं शेवटचं शाळेत पोचलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. मी सांगितलं तर तिने, कुणाचं परत आलं का, एवढंच विचारलं.

आई गेली त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मालकांचा फोन आला. ते तपकिरी युकुलेले नव्या तारा घालायला आलंय, म्हणाले, बघायचं असेल तर या.

मी गेले. वापराने मानेचा रंग उडाला होता, बोटं पडायच्या जागी लाकूड गुळगुळीत चकचकत होतं. जुन्या तारा पार झिजल्या होत्या. मालक नव्या शोधायला आत वळले तेव्हा मी ती मान गालाला लावली आणि वरून खाली आणली. कुठेच काही लागलं नाही.

मी ती पुन्हा एकदा फिरवली.