मालवणचा दरवाजा

सर्व्हर रूमच्या भिंतीत मालवणचा दरवाजा अकराव्यांदा उगवला आणि मृदुला गुर्जर अकराव्यांदा खुर्चीवरून उडाली.

फायरवॉल, म्हणजे मुख्यालयातली माहिती कुठल्या वाटेनं जाणार हे ठरवणारी काळी पेटी. तिच्यात मालवण शाखेचा मार्ग टाईप केला की कोल्हापुरात हा दरवाजा यायचा. मृदुलाचा नवरा हेमंत मालवण शाखेत होता. त्याच्या बदलीचा अर्ज चार वर्षं ‘विचाराधीन’ होता. दरवाजाला मात्र कुणाची सही लागत नव्हती.

“आलो, आलो!” पलीकडून हेमंत ओरडला. धावत्या चपला, मागे समुद्राची गाज.

मार्ग टिकावा म्हणून तिनं ‘सेव्ह’ दाबलं. पेटीनं विचार केला आणि मार्ग पुसून टाकला. भिंत पुन्हा भिंत झाली, जराशी ओली.

“या खेपेला कडीला हात लागला होता गं,” हेमंत फोनवर म्हणाला.

दसऱ्याची सुट्टी असूनही शिपाई भिवाजीकाका चावी घेऊन आले होते. काल खंडेनवमीला पेटीला हळदकुंकू आणि झेंडूचा हार त्यांनीच घातला होता.

“बाई, उत्तरपूजा केलीसा का?”

“पेटीची?”

“मग ती अजून देवच हाय की! देवाला हुकूम सोडताय व्हय?”

मृदुलाला हे तत्काळ पटलं. कंपनीच्या पुस्तिकेतले सातही उपाय याहून अतार्किक होते.

काकांनी अक्षता वाहिल्या. “आता दोन बोटं उत्तरेला सरकवा. जास्त नको, रुसंल.”

तिनं पेटी सरकवली. पेटीबरोबर अख्खं मुख्यालय दोन बोटं उत्तरेला सरकलं. खाली कँटीनमध्ये कपबश्या वाजल्या. तिनं मार्ग टाईप केला. दरवाजा आला. सेव्ह. पेटीनं अजिबात विचार केला नाही.

‘मार्ग कायम.’

मृदुलानं काकांना मिठीच मारली. “ढकल रे!” ती दरवाजाकडे ओरडली.

“ढकलतोय!” पलीकडून हेमंत.

मालवण मात्र होतं तिथंच होतं. दरवाजा दोन बोटं उघडला आणि तिकडच्या चौकटीला अडला.

“पुसून परत टाकते,” ती म्हणाली. पेटीनं नकार दिला.

“कायम झालं की आता,” काका म्हणाले आणि हार काढायला लागले.

फटीतून दोन बोटं आत आली. त्यांच्यात आपट्याचं पान होतं.

“सोनं घे,” हेमंत म्हणाला. “आणि लवकर काय ते बघ. इकडं भरती लागलीय.”

तिनं पान टेबलावर ठेवलं आणि बोटं घट्ट धरली. फटीतून खारं पाणी आत आलं आणि उत्तरेकडे वाहू लागलं.