माझा उसवलेला उजवा हात

मित्रांनो, मी वेताची एक जुनी खुर्ची आहे आणि माझा उजवा हात उसवला आहे. उंदरांनी कुरतडला असेल, असं समजू नका. तो माणसांच्या नखांनी उसवला.

माझं तरुणपण एकलहऱ्याला, वीज केंद्रातल्या एका साहेबांच्या व्हरांड्यात गेलं. पाहुणे माझ्या विणकामाचं कौतुक करायचे आणि मी फुगून जायचे. साहेबांची बदली झाली, तशी माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला सुधाताईंनी नाशिकमधल्या आपल्या खोलीत आणलं. त्या समुपदेशक आहेत. मनात गुंता झालेली माणसं त्यांच्याकडे येतात. गाडी मात्र पलीकडच्या गल्लीत लावतात, कुणी पाहील म्हणून! ताईंची रीत ठरलेली आहे. आधी एकेकट्याचं ऐकायचं, मग नवरा-बायकोचं, मग सगळ्या घराचं. इथलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून पुढची नावं मी बदलली आहेत.

पिंपळगावची योगिनी पहिल्यांदा एकटीच आली. बारशाची तयारी झाली होती आणि आदल्या दिवशी तिची तान्ही मुलगी दवाखान्यात दगावली. ती घरी पोहोचली, तर सजवलेला पाळणा माळ्यावर टाकलेला. त्यानंतर बाळाचा विषय कुणी काढलाच नाही. "मलाच वेड लागलंय का, ताई?" असं विचारत ती माझ्या उजव्या हातावरची वेताची पट्टी उचकटत राहिली. मला दुखलं. पण तिच्यापुढे माझं दुखणं ते काय!

पुढच्या भेटीला तिचा नवरा शेखर सोबत होता. "आमच्यात भांडण नाही, मॅडम. हिलाच जरा समजवा."

"माझी मुलगी झालीच नाही, असं वागतात सगळे," योगिनी म्हणाली. "मी चांदवडला माहेरी जाते. कायमची."

त्यापुढच्या भेटीला तिचे सासरे, सावळीराम नानाही आले. ते माझ्यावर बसले आणि योगिनी भिंतीला टेकून उभी राहिली. सासऱ्यांसमोर ती खुर्चीवर बसत नसे. ताईंनी सतरंजी अंथरली, स्वतः खाली बसल्या आणि तिला, शेखरला शेजारी बसवलं.

"नाव नाय ठेवलेलं लेकरू ते," नाना म्हणाले. "बोलून जीव कशाला जाळायचा? पाळणा म्याच काढला. हिला दिसू नये म्हणून."

आवाज कडक होता, पण त्यांची बोटं माझी तीच पट्टी उचकटत होती. योगिनीने ती बोटं पाहिली.

"नाना, नाव ठरलं होतं."

नानांची बोटं पट्टीवरच थांबली.

"काय व्हतं?"

"अपूर्वा."

नानांनी ते नाव हळूच म्हणून पाहिलं. शेखर तोंड झाकून रडायला लागला. मित्रांनो, हे एक नाव मात्र मी बदललेलं नाही.

योगिनी माहेरी जाणार की नाही, ते अजून ठरलेलं नाही. मला त्याची काळजी वाटते. पण जिना उतरताना नाना तिला विचारत होते, "पाळणा खाली आणू का, पोरी?"

ताई आता मला विणकराकडे पाठवणार आहेत. त्याला माझं सांगणं आहे, बैठक नवी विणा, पाय घट्ट करा, पण माझा उजवा हात तसाच राहू द्या. ज्यांना बोलता येत नाही, त्यांना तो लागतो. आणि तुमच्या घरात कुणी गप्प झालं, तर त्याला लगेच समजावायला जाऊ नका. त्याच्या शेजारी खाली बसा, आणि ज्याचं नाव घरात कुणी घेत नाही, ते नाव त्याला विचारा.