मुंग्या आल्याशिवाय पुस्तक नाही

मी भिंग बोलतोय. गोष्टी थोड्या मोठ्या करून सांगायची माझी खोड आहे, तेवढी सांभाळून घ्या. काच जाड, कडा पितळेची, मूठ लाकडाची. मुठीवर दातांच्या खुणा आहेत. त्या कुणाच्या ते कळेलच.

माझे पहिले मालक घड्याळं दुरुस्त करायचे. शाळा सुटली की त्यांची मुलगी मला घेऊन दुकानाच्या पायरीवर बसायची. झुरळाचा पाय, बिस्किटाचा चुरा, स्वतःच्या गुडघ्यावरची खपली, काही म्हणजे काही सुटायचं नाही. दुकान बंद झालं त्या दिवशी वडील तिला म्हणाले, "हे तुझंच आहे गं. इतके दिवस मीच उसनं वापरलं."

मोठी होऊन ती मुलांसाठी माहितीची पुस्तकं लिहू लागली. पऱ्या नाहीत, राक्षस नाहीत, सगळं खरंखुरं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'करून बघा' अशी चौकट असायची आणि स्वतः केल्याशिवाय ती एकही चौकट लिहायची नाही. बुरशी आलेला पाव आमच्या खिडकीत आठवडाभर मानाने बसायचा. नवरा कपाळाला हात लावायचा. तिची लेक ठमी तेव्हा रांगत होती. तिला दात आले ते माझी मूठ चावतच.

ठमी शाळेत जाऊ लागेपर्यंत बाईंचं नाव झालं आणि कामाचा डोंगर उभा राहिला. दोन वर्षांत नऊ पुस्तकं! वाचायचं स्क्रीनवर, लिहायचं स्क्रीनवर, जेवतानाही नजर तिथेच. माझ्याकडे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसायचं काम आलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ती हसेनाशी झाली याचं जास्त वाईट वाटलं. एकदा नवऱ्याला म्हणाली, "मुंग्यांचं एवढं पुस्तक देते आणि लिहिणं सोडते. मजाच येत नाही रे आता."

त्या पुस्तकात एक चौकट होती : 'साखरेचा दाणा ठेवा. पाच मिनिटांत मुंग्यांची रांग लागेल.' इतर चार पुस्तकांत तसंच होतं, म्हणून तिनेही लिहून टाकलं. स्वतः न करता, पहिल्यांदाच.

पुस्तक पाठवायच्या दिवशी ठमीने ती पानं वाचली आणि मागच्या दाराशी दाणा ठेवून बसली. तासाभराने आत आली.

"आई, एक पण मुंगी आली नाही."

"येईल गं. मला काम आहे."

"पण तू केलंस तेव्हा पाच मिनिटांत आल्या होत्या ना?"

लेकीशी खोटं बोलणं तिला जमेना. तिने मला उचललं, खालचे कागद खोलीभर उडाले, आणि दोघी मायलेकी दाराशी पालथ्या पडल्या. तेवढ्यात संपादकांचा फोन.

"ताई, पुस्तक पाठवताय ना?"

"अजून आल्या नाहीत हो."

"कोण?"

"मुंग्या! उद्या देते."

दीड तासाने एक मुंगी आली. दाण्याभोवती फिरली, हुंगल्यासारखं केलं, आणि साखरेकडे पाठ फिरवून कोपऱ्यातली मेलेली माशी ओढत चालती झाली. ठमी खो खो हसत सुटली. वर बघतो तर माझ्या काचेवर बाईंचा डोळा, हा एवढा मोठ्ठा, हसून हसून पाण्याने भरलेला. कित्येक महिन्यांनी पाहिला मी तो डोळा.

चौकट बदलली : 'साखरेचा दाणा ठेवा. मुंग्या कधी येतील, येतील की नाही, सांगता येत नाही. आमच्याकडची मुंगी माशी घेऊन गेली. तुमच्याकडे काय झालं ते कळवा.'

लिहिणं सोडायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. आता वर्षाला दोनच पुस्तकं. चार वाजले की स्क्रीन बंद, आणि मी, ठमी आणि ती अंगणात. जास्तीचं काम आलं तर फोनवर गोड आवाजात 'नाही जमणार' म्हणते. कागदांवर बसायला एक दगड आणलाय.

काल एका मुलाचं पत्र आलं. अक्षर इतकं बारीक की वाचायला मीच लागलो. 'मी चार दिवस बसलो. मुंग्या आल्याच नाहीत. खूप मजा आली.'

बाईंनी ते तीनदा वाचलं आणि टेबलावर ठेवून वर मला ठेवलं. पुन्हा कागदावर बसायचंच काम आहे, पण या कागदावरून मला कुणी उठवू नका, एवढीच विनंती.