ज्ञानू मिस्त्रीची बोटं

जुन्या बुलेटचा टॅपेट लावायला मापाचं गेज लागत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं ज्ञानू मिस्त्रीच्या दुकानात तोंड उघडू नये, असा कोल्हापूरच्या उद्यमनगरात जवळजवळ कायदाच होता. सिलिंडरच्या बगलेला एक छोटं झाकण असतं. ते काढलं की आत व्हॉल्व्ह ढकलणारे दोन पुशरॉड उभे दिसतात. इंजिन थंडगार पाहिजे. रॉड अंगठा आणि तर्जनीत धरायचा आणि फिरवायचा. तो फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. खालच्या स्क्रूची आटी नखभर इकडे नाहीतर तिकडे, एवढाच काय तो खेळ. सैल राहिला तर टकटक वाजतो. घट्ट बसला तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळून जातो. आता फिरला म्हणजे किती फिरला, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. ते ज्ञानूच्या दोन बोटांना माहीत होतं, गेली चाळीस वर्षं.

आणि ती बोटं मेली.

साखरेनं मेली. आधी पायाची गेली. एकदा दुकानातून घरी आला तर एकाच पायात चप्पल. दुसरी कुठं गळून पडली ते याला पत्ता नाही. अंबूबाईनं, म्हणजे बायकोनं, कपाळावर हात मारून घेतला. पुढं उन्हाळ्यात एके दिवशी दुकानात कातडं जळल्याचा वास आला म्हणून तो इकडंतिकडं बघायला लागला, तर वास त्याच्याच बोटांचा. हात तापलेल्या सायलेन्सरवर टेकला होता. डॉक्टर म्हणाले, "नसा गेल्यात, मिस्त्री. साखर सांभाळलीत तर आहे तेवढं राहील. गेलं ते परत येत नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ज्ञानूनं ती चार महिने झाकून ठेवली आणि अंदाजानं टॅपेट लावत राहिला. हे त्यानं करायला नको होतं. मी त्याची बाजू घेणार नाही.

जयसिंगपूरचा राजवीर, कॉलेजात शिकवणारा पोरगा, वडिलांची बुलेट घेऊन आला होता. गाडी न्यायला आला तेव्हा खूश झाला. "मिस्त्री, काय शांत केलीय हो!" टॅपेट बरोबर लागला तरी बुलेट शांत, घट्ट लागला तरी शांत. सैलाचा आवाज कानाला कळतो. या दोन्हींतला फरक फक्त बोटांना कळतो. 'थांब, परत एकदा बघतो,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? ज्ञानूनं ते म्हटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात गाडी गगनबावड्याच्या घाटातून टेम्पोत घालून आणावी लागली. व्हॉल्व्ह जळून काळा ठिक्कर.

राजवीर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पेट्रोलमध्येच भेसळ असणार. तुमचा हात लागल्यावर दुसरं काय होणार?"

ज्ञानूनं त्या रात्री जेवताना अंबूबाईला सगळं सांगितलं आणि हेही सांगितलं की या रविवारी या गाडीचा टॅपेट बरोबर लागला तर दुकान चालू ठेवायचं, नाही लागला तर बंद. मधे काही नाही.

नवा व्हॉल्व्ह बसवला. जुन्या रॉडांची टोकं झिजली होती, म्हणून शिरोलीच्या लेथवर करून घेतलेल्या गठ्ठ्यातून दोन निवडले. काचेवर लोळवून बघितले, वाकडा बाजूला, सरळ हाताशी. डोळे अजून शाबूत होते. रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्यानं अंबूबाईला गाडीपाशी पाटावर बसवलं. ती दर वर्षी नृसिंहवाडीला हजार वाती वळून देते. कापूस किती ओढायचा हे तिच्या बोटांना सांगावं लागत नाही. ज्ञानूला वाटलं, असली बोटं घरात असताना मी रडत कशाला बसलोय?

"धर. आता फिरव."

"फिरतोय की."

"किती?"

"किती म्हंजे? गोल फिरतोय."

"तसं न्हवं गं. जड लागतोय का हलका?"

"कशापरीस?" अंबूबाईनं विचारलं.

चाळीस वर्षांत ज्ञानूला हे कुणी विचारलंच नव्हतं. सैल नको, घट्ट नको, असं दोनतीनदा म्हणाला. मग म्हणाला, तुझ्या वातीचा पीळ बसतो तसा. तिनं वातीसारखा फिरवून बघितला. "वात मऊ असती. हे लोखंडागत हाय." त्यानं स्वतः रॉड धरला, म्हणजे तिला दाखवता येईल. रॉड फिरताना डोळ्यांना दिसला. बोटांना काहीच धरल्यासारखं लागलं नाही.

शेवटी तिच्या अंदाजानं नट आवळला आणि किक मारली. गाडी टकाटक वाजली. सैल. आता इंजिन तापलं, म्हणजे थंड होईपर्यंत थांबणं आलं. दोघांनी भाकरी खाल्ली. दुपारी तिनं आटी थोडी चढवली. किक मारली तर गाडी शांत.

इतकी शांत, की अंबूबाईचा चेहरा उजळला. "झालं न्हवं?"

ज्ञानू खाली वाकून कान लावून बसला. बरोबर की घट्ट? पुन्हा तीच शांतता. उद्या राजवीर खूश होऊन गाडी नेईल आणि महिनाभरात कुठल्यातरी घाटात उभा राहील, किंवा नाही राहणार. पुरतं थंड होऊ दिलं. उन्हं उतरल्यावर तिनं परत रॉड फिरवला.

"कसा हाय?"

"मगासारखाच."

"मगा कसा हुता?"

"मला कसं कळणार वो? तुमीच सांगा की." तिनं रॉडवरचा हात काढून घेतला. "तुमी सांगशीला तसं करतो मी."

हेच तर सांगता येत नव्हतं. त्यानं बसल्या बसल्या राजवीरला फोन लावला.

"मास्तर, गाडी दुसरीकडं दाखवा."

राजवीर हसला. "चेष्टा करता काय, मिस्त्री? दुसरं कोण आहे कोल्हापुरात?"

"माझी बोटं गेल्यात. तुमचा व्हॉल्व्ह मीच जाळला. पेट्रोल चांगलंच हुतं."

राजवीर हळू आवाजात म्हणाला, "बरं. टेम्पो पाठवतो."

फोन ठेवून ज्ञानू दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. अंबूबाई शेजारी टेकली. तो गाडीकडं बघत बोलत राहिला. पहिली बुलेट कुणाची लावली, वस्ताद पुशरॉड फिरवायला लावून डोळ्यांवर कसं फडकं बांधायचा, हत्यारं आता कुणाला द्यायची, असलं काहीबाही. अंबूबाई ऐकत होती. एकदोनदा हुंकार दिला, तेवढंच. समोरच्या कारखान्यातली दुसऱ्या पाळीची माणसं चहा पिऊन आत गेली.

"चल," तो शेवटी म्हणाला, "उठतो आता. पायाचा भरवसा न्हाय. जरा हात दे."

"काय?"

"हात दे म्हटलं."

अंबूबाईनं त्याच्याकडं बघितलं. सांगावं की नको, असा तिला क्षणभर प्रश्न पडला असावा.

"अवं," ती म्हणाली, "तुमी बसल्यापास्नं धरलाय की मी."

ज्ञानूनं खाली पाहिलं. त्याचा उजवा हात तिच्या मांडीवर होता आणि ती त्याची बोटं एकेक करून दाबत होती.