बावीस पेट्यांचा शेजारी

गावात त्याला सगळे सावकाशराव म्हणायचे. कुणी घाईचं काम घेऊन आलं की तो आधी त्याला बसवायचा, पाणी द्यायचा आणि मग म्हणायचा, "हं, आता सांगा. सावकाश." पेरणी असो की रविवारची उपासना, त्याची चाल एकच. बायको चारचौघांत सांगायची, "आमचं लग्नसुद्धा यांच्यापायी तासभर उशिरा लागलं. पाळकसाहेबांनी तेवढ्यात एक डुलकी काढून घेतली."

मधवालीची जागा त्याच्या शेताला लागूनच होती. मध्ये फक्त तारेचं कुंपण. नवरा गेल्यापासून ती एकटी बावीस मधपेट्या सांभाळत होती आणि त्यांच्यावरच घर चालवत होती. जिभेला धार होती तिच्या. पेट्यांच्या आसपास कुणी मोठ्याने बोललेलंही तिला खपत नसे.

एका शुक्रवारी सकाळी ती पेट्यांपाशी गेली. गुणगुण नव्हती. पेट्यांच्या तोंडाशी माश्यांचा खच पडला होता. काही अजून पाठीवर पडून पाय हलवत होत्या. संध्याकाळपर्यंत सतरा पेट्या गप्प झाल्या. तिने माश्या सुपलीत भरल्या, झाडाखाली खड्डा केला आणि त्यात पुरल्या.

विषाची फवारणी झाली होती, हे लहान पोरानेही सांगितलं असतं. संशय गेला तो पलीकडच्या बाजूच्या मळेवाल्यावर. माणूस श्रीमंत, आखडू, आणि नुकतंच त्याने फवारणीचं मोठं यंत्र घेतलेलं. मधवाली तडक त्याच्या फाटकात जाऊन उभी राहिली आणि तिने त्याची सात पिढ्यांसकट खरडपट्टी काढली.

"बाई, माझं यंत्र महिन्यापासून बंद पडलंय," मळेवाला म्हणाला. "हवं तर येऊन बघा."

कोण बघणार? न्हाव्याच्या दुकानात, गिरणीत, शाळेच्या ओट्यावर सगळीकडे निकाल लागून गेला होता. शनिवारी मळेवाल्याची बायको गिरणीत आली, तेव्हा तिच्याशी कुणी बोललं नाही.

रविवारी मधवाली चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसली होती. चर्च लहानसंच. नऊ बाकं आणि एक बाजाची पेटी, तिचेही दोन सूर मुके. उपदेश संपल्यावर पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" एरवी कुणाचं दुखणं, कुणाच्या पोराची परीक्षा असं काहीबाही निघायचं. त्या दिवशी सावकाशराव उभा राहिला. पुढच्या बाकाची पाठ त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

"त्या माश्या माझ्या फवारणीने मेल्या," तो म्हणाला.

नऊही बाकांवरच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो सांगत राहिला.

"सूर्यफुलावर अळी पडली होती. डब्यावर लिहिलं होतं, पीक फुलावर असताना सकाळी मारू नका. मी ते वाचलं होतं. पण गुरुवारी नातीच्या शाळेत कार्यक्रम होता, म्हणून सकाळीच उरकून टाकलं. जन्मात एकदा घाई केली." मग तो पुढे म्हणाला, "शुक्रवारी संध्याकाळी माझ्या ध्यानात आलं. शनिवारभर मी तोंड उघडलं नाही. मळेवाल्यांना शिव्या खाऊ दिल्या. माश्या मारल्या ते चुकून. हे मात्र जाणूनबुजून केलं."

मधवाली उठली. रागाने तिला धड शब्दही सुचेनात. "माझ्या दारात पाय ठेवू नका," एवढंच बोलून ती बाहेर पडली. मळेवाल्यावर चिडणं सोपं होतं. या माणसावर चिडताना तिलाच रडू येत होतं, आणि त्याचा तिला आणखी संताप आला.

सावकाशराव चर्चमधून निघाला तो थेट मळेवाल्याच्या फाटकात गेला. मागून निम्मा गाव. सगळ्यांच्या देखत त्याने हात जोडले. आयुष्यात मळेवाल्याची माफी कुणी मागितली नव्हती. तो इतका गोंधळला की पटकन म्हणाला, "चहा घेता का?" आणि मग निम्म्या गावाला चहा पाजणं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मधवालीला कुंपणापाशी खोकला ऐकू आला. सावकाशराव दोन बादल्या पाणी घेऊन उभा. उरलेल्या पाच पेट्यांना रोज ताजं पाणी लागायचं आणि विहीर होती त्याच्या बाजूला.

"दारात आलेलो नाही," तो म्हणाला. "कुंपणाशीच आहे."

"ठेवा आणि जा."

तो ठेवून गेला. पुढच्या दिवशी पुन्हा आला. सहा आठवडे हेच चाललं. दोघांत रोज चार शब्द, त्यातले तीन तिचे. मग एका सकाळी मधाने जड झालेली पेटी उचलताना तिच्या कमरेत अशी चमक भरली की ती तिथेच वाकून राहिली. "नुसते बघत काय उभे राहिलात?" ती कुंपणाकडे बघून ओरडली. "या ना, धरा!"

तो तारेखालून वाकून आत आला. त्या दिवशी त्याला सात माश्या चावल्या. तोंड भोपळ्याएवढं झालं. घरी गेल्यावर बायकोने विचारलं म्हणे, "कुणाकडे आलात, पाहुणे?"

तेव्हापासून तो रोज यायचा. ती त्याला दादा म्हणू लागली, त्याच्या बायकोला वहिनी. ओढ्याकाठची अर्धा एकर कसदार जमीन त्याने पिकाखालून काढली आणि तिथे वर्षभर काही ना काही फुलत राहील असं पेरलं. मोहरी, सूर्यफूल, फुलावर सोडलेली कोथिंबीर. लोक हसायचे. कुणी विचारलं, "हा कसला चारा?" तर म्हणायचा, "चाराच आहे. जनावर जरा बारीक आहे."

फुलोऱ्याच्या दिवसांत तो घरोघर जायचा. फवारणी संध्याकाळीच करा आणि आदल्या दिवशी मधवालीला सांगा, एवढंच मागणं. तरणी पोरं चेष्टा करायची, "सावकाशराव, माश्यांचे पाळक झालात का?" तो म्हणायचा, "झालो असतो. पण त्या उपासनेला वेळेवर येतात, मलाच उशीर होतो." हसता हसता एकेक जण ऐकू लागला. सगळ्यांत आधी कुणी ऐकलं असेल, तर मळेवाल्याने.

बाविसावी पेटी पुन्हा भरायला चार वर्षं लागली. त्या दिवशी मधवाली म्हणाली, "सुटलात की हो, दादा. आता उद्यापासून नाही आलात तरी चालेल."

त्याला खरोखर वाईट वाटलं. "शिक्षा म्हणून येत होतो असं वाटलं तुम्हाला?" तो म्हणाला. "पहिली काही वर्षं असेन. आता तसं नाही." आणि दुसऱ्या दिवशी सहाला हजर.

असं आणखी सात वर्षं चाललं. मग त्याचं हृदय थकलं. डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केली, पुढे चालायलाही. मग मधवालीच रोज त्याच्या खाटेपाशी जाऊन खबर द्यायची. नव्या राणीची, मधाच्या रंगाची, कुणाचं सूर्यफूल फुलावर आलं त्याची. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच अचूक प्रश्न विचारायचा.

एकदा तिने विचारून टाकलं, "दादा, भीती वाटते का हो?"

"वाटते ना," तो म्हणाला. "परगावी निघताना वाटते तेवढी. पण तिथे ओळखीचं कुणी आहे, एवढा धीर आहे."

एका मंगळवारी भर दुपारी त्याने बायकोला खिडकी उघडायला सांगितलं. ती कडी काढून वळली, तोवर तो गेला होता.

अंत्यविधीला चर्च पुरेना. बाकं बाहेर झाडाखाली मांडली. कबर खणायला मळेवाल्याने यंत्र नव्हे, स्वतःचे दोन हात आणले, आणि सत्तरीच्या त्या माणसाच्या हातातून फावडं काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. पाळक थोडकंच बोलले. "पश्चात्तापावर मी तीस वर्षं उपदेश करतोय," ते म्हणाले. "यांनी एकदाच केला, चार मिनिटांत. त्या दिवशी उपदेशक कोण होता, हे मला चांगलं कळलं."

लोक पांगल्यावर मधवाली वहिनींच्या स्वयंपाकघरात कप विसळायला थांबली. वहिनी उष्टे कप एकेक करून पुढे करत होत्या. मग वहिनी एकाएकी हसल्या.

"तुला ठाऊक होतं का गं? माश्यांना भयंकर घाबरायचे ते."

"कोण? दादा?"

"लहानपणी उठलेल्या पोळ्याखाली सापडले होते. तीन दिवस शुद्ध नव्हती. लग्नानंतर घरात एक मधमाशी शिरली तरी हे अंगणात. तुझ्याकडे यायचे ना, पहिली दोन वर्षं सकाळी हात कापायचे त्यांचे. सदऱ्याची बटणं मी लावून द्यायची."

मधवालीच्या हातातला कप तसाच राहिला. त्या दोन वर्षांत ती त्यांना हजारदा टाकून बोलली होती, "अहो दादा, हात स्थिर ठेवा, माश्या चिडतात."

"मला कधी बोलले नाहीत," ती म्हणाली.

"तू येऊ नका म्हणाली असतीस ना." वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि पुढचा कप तिच्यापुढे सरकवला.