कप्तानाचं पत्र

जायचं तर एकदाच जावं माणसानं. पण वीस वर्षं ठाण मांडून बसलेले हे परके शिपाई निघताना दारातच घोटाळले. आधी तळावरचा धोबीखाना बंद झाला, मग स्वयंपाकी घरी बसले, आणि जर्दाळू पिकायच्या दिवसांत एका सकाळी पाहावं तर तळ ओस. माझा फरशीद त्यांचा दुभाषा. त्याला म्हटलं, तुझं काय रे आता? तर म्हणे, कप्तानानं पत्र दिलंय, त्यावर मला तिकडे नेतील. ते पत्र तो खिशात घेऊनच फिरत असणार, असं मी धरून चालले. तिथंच माती खाल्ली.

शुक्रवारी तो काबूलला गेला. दुपारी शेजारची गुलालै भिंतीवरून सांगू लागली की तालिब पलीकडच्या गावात घुसलेत, ज्याच्या घरात परक्यांचा कागद सापडेल त्या पुरुषाला ओढून नेतात. मी तंदूर पेटवला आणि फरशीदची पेटी उपडी केली. मला अक्षर ओळखता येत नाही, पण आपली लिपी कुठली ते कळतं. तिच्यात अल्लाचं नाव असू शकतं, म्हणून तिच्यातला कागद जाळायचा नसतो, भिंतीच्या फटीत ठेवायचा असतो. तसंच केलं. बाकी सगळं आगीत.

संध्याकाळी पोरगा हसत आला. त्या परक्यांच्या वकिलातीनं रविवारी बोलावलं होतं, मूळ पत्र घेऊन. मी सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, मेला नुसता तंदुरापाशी बसून राख ढवळत राहिला.

"अरे, आपल्या अक्षरातलं जपलंय मी," म्हणत मी फटीतले कागद त्याच्यापुढं टाकले. त्यातला एक उलगडून त्यानं पुन्हा घडी घातली. वाच म्हटलं, तर वाचेना. मी हट्टालाच पेटले.

"फरशीद, करीमचा मुलगा," त्यानं खाली मान घालून वाचलं, "परक्यांची चाकरी सोड. नाहीतर तुझं मुंडकं तुझ्या आईच्या दारात ठेवू."

खाली तालिबांचा शिक्का. दोन हिवाळ्यांमागं हे दाराला अडकवलेलं सापडलं होतं, आणि या गाढवानं मला कळूही दिलं नव्हतं.

"मी त्यांच्याकडे होतो याचा आता एवढाच पुरावा उरलाय, आई. हेच नेतो."

"आणि तालिबांनी नाक्यावर झडती घेतली तर?"

मी सुई ओवली. तो कागद माझ्या झग्याच्या अस्तरात शिवला. बाईमाणसाची झडती ते घेत नाहीत. म्हटलं, रविवारी मीही येते.