खिडकीचं कार्ड

पन्नाशी उलटली तरी भूजल कार्यालयात तिला सगळे धाकटीच म्हणत. हे नाव तिला काम शिकवणाऱ्या वरिष्ठ बाईंनी ठेवलेलं, ती कामाला लागली त्या दिवशी. बाई गेल्या वर्षी वारल्या, नाव राहिलं.

आज तीनला बैठक होती. बारा विहिरींपैकी एकीच्या पाणीपातळीचं मोजमाप बंद होणार होतं आणि साहेबांचं बोट सातवीवर होतं. सगळ्यात लांबची, आणि म्हणे बाकीच्यांसारखीच. "वेगळी असेल तर दाखवा," ते म्हणाले होते. त्या विहिरीत मोजणीची पहिली फीत सोडली होती बाईंनी. टोक धरलं होतं धाकटीने.

तिने संगणकावर आलेख मांडला. विहिरीगणिक एक चौकट, आणि प्रत्येक चौकटीसाठी एकदा चालणारी छोटी सूचना, पॅनेल फंक्शन : पाण्याचा कल, म्हणजे उतार, दाखवणारी रेघ ओढ. रेघा आल्या, पण मोजलेल्या आकड्यांचे ठिपके गायब. स्वतःची सूचना दिली की प्रोग्राम आपली नेहमीची कामं सोडून देतो, हे ती विसरलीच होती. ठिपके मागून घेतले.

विहिरी मोजणारे दादा वही ठेवायला आले नि पडद्याकडे बघत राहिले.

"ताई, बारा जणी कवायत करतायत का? सगळ्यांची रेघ एकच!"

"पाणी सगळीकडेच उतरतंय, दादा."

"उतरतंय. पण सातवीत फीत पुरेना म्हणून लांब फीत मागायला कोण आलं होतं? मीच ना?"

धाकटी पडद्याकडे वाकली. सातव्या चौकटीतले ठिपके रेघेला केव्हाच सोडून गेले होते. घाईत तिने पाहिलंच नव्हतं.

तिने कपाटावरची गुंडाळी काढली. बाईंचा आलेखकागद, पेन्सिलीच्या बारा चौकटी, बारा तऱ्हेचे उतार. सातवीत खोडून खोडून कागद पातळ झालेला. आतून एक जाड कार्ड घरंगळलं, मधोमध चौकोनी खिडकी कापलेलं. रेघ ओढताना बाई ते कागदावर ठेवून बाकीच्या अकरा चौकटी झाकायच्या. "एका घरात बसून दुसऱ्या घरच्या चुगल्या ऐकायच्या नाहीत, धाकटे."

आणि तिने काय केलं होतं? प्रत्येक चौकटीत बाराही विहिरींच्या आकड्यांवरून रेघ काढली होती. प्रोग्राम त्या त्या चौकटीचे ठिपके सूचनेच्या हातात देत होता. तिने ते घेतलेच नव्हते.

एक ओळ बदलली. बारा रेघा आपापल्या वाटेने गेल्या. सातवीची तर कड्यावरून घसरल्यासारखी.

बैठकीत साहेबांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "ही राहू दे. तिसरी आणि चौथी मात्र जुळ्या दिसतात, त्यातली एक बंद करता येते का बघू."

बाहेर दादा वाट बघत होते. निकाल ऐकून म्हणाले, "आज बाई असत्या तर कान पिळला असता तुमचा."

"पिळलाच की," धाकटी म्हणाली, आणि तिचा हात आपसूक कानाकडे गेला.